चिकट निघालेले चार हात

आमच्या तंत्रनिकेतनात प्रत्येक कामाच्या नियमांची यादी मी करते आणि प्रयोगशाळेच्या दारावर लावते. मऊ रोबो-हाताच्या साच्यांसाठीही केली होती. त्यात रबरी हातमोजे सक्तीचे होते.

तो हात साल न दुखवता पपई उचलणार होता. साच्याचे प्लास्टिकचे दोन भाग जोडायचे, हवेच्या पोकळीसाठी मध्ये दांडा ठेवायचा, सिलिकॉन ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी सोडवायचं. सिलिकॉनचे दोन द्रव समान वजनाने मिसळायचं काम डोंगरावरच्या तोरणमाळहून आलेल्या एका विद्यार्थिनीकडे होतं. नाशिकच्या स्पर्धेला जाणाऱ्या चौघांत तिचं नाव होतं. ओतण्याआधी साचे आतून मी स्वतः पुसले, मोजे घालून, बोटांनी.

सकाळी साचे उघडले, तर चारही हात काकवीसारखे चिकट.

"हाई ते समदं चिकट व्हई गयं, मॅडम!" शहाद्याची एक मुलगी हसली.

मी तोरणमाळच्या मुलीला विचारलं, "वजन केलं होतंस?"

"केलं, मॅडम. दोनदा."

"मग हे काय? घरी भाकरीचं पीठ भिजवता, तसं अंदाजानं केलंस. डोंगर उतरून आलात तरी सवय काही जात नाही तुमची."

सगळा वर्ग हसला. ती वजनकाट्याकडे बघत राहिली. दुपारी मी तिच्या जागी दुसरं नाव घालून अर्ज पाठवला.

तीन दिवसांनी मी रजेवर असताना तिने पाचवा साचा भरला. मोजे संपले होते. हात साबणाने धुऊन, साचा कापडाने पुसून तिने काम केलं. रोबो-हात कोरडा, लवचिक, नीट निघाला. मग मी सिलिकॉनबरोबर आलेलं माहितीपत्रक वाचलं. ते पहिल्याच दिवशी वाचायचं होतं. त्यात लिहिलं होतं: रबरी मोज्यांचा स्पर्श झाला, तिथे हे सिलिकॉन आळत नाही.

नाशिकला फोन केला. नावं बदलायची मुदत संपली होती.

मी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटलं. "तुझं वजन बरोबर होतं. चूक माझी."

"हो, मॅडम." लोटलेल्या दाराकडे बघून ती म्हणाली, "त्या दिवशी सगळे होते."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हणाले, "मागच्या वेळी मोज्यांमुळे गडबड झाली." कोणाच्या मोज्यांमुळे, ते म्हणाले नाही. भाकरीचंही काढलं नाही. ती समोर बसली होती. मी पुढचा विषय घेतला.

ती पास होऊन गेली. आता हे लिहिते आहे, पण वाचणाऱ्यांत त्या दिवशी हसलेलं कोणी नाही.