तक्त्यात न बसणारी दीर्घिका

माझी मावशी दीर्घिकांची अंतरं काढते. तिथे टेप घेऊन कोण जाणार, म्हणून वेगावरून काढते. दीर्घिका जितक्या जोरात स्वतःभोवती फिरते, तितकी ती मुळात तेजस्वी. आणि तेजस्वी असूनही मिणमिणती दिसत असेल, तर ती लांब. एवढं मलाही कळतं, आणि माझं गणित म्हणजे आनंदीआनंद.

यंदा तिचा कित्येक वर्षांच्या कष्टाचा तक्ता छापायला जाणार, तेवढ्यात एक दीर्घिका आडवी आली. फिरण्यावरून ती जवळ निघत होती. दीर्घिका जितकी लांब, तितकी ती आपल्यापासून जोरात दूर पळते; त्या वेगावरून मात्र ही कितीतरी लांब.

विभागप्रमुख म्हणाले, "अहो, शेकड्यांतली एक. काढून टाका ना!"

"का काढू?"

"बसत नाही म्हणून."

"मग मोजायचं तरी कशाला?" मावशी म्हणाली. साहेब फुगले, तक्ता अडला. घरी तिचं जेवणात लक्ष नाही. काका वैतागले, "ही दीर्घिका म्हणजे माझी सवतच झाली! जवळ राहते की लांब, एकदाचं ठरव बाई."

मला मात्र भीती वाटत होती. तिची पद्धतच चुकली असेल, तर सगळा तक्ता पाण्यात.

शेवटी तिने दुसऱ्या वेधशाळेतून नवा, जास्त वेळ प्रकाश घेतलेला फोटो मागवला. जुन्या फोटोत लांबट दिसणारी दीर्घिका यात चक्क वाटोळी! जुन्यात नुसता मधला उजळ पट्टा उमटला होता, भोवतालचा फिकट भाग नाहीच. त्यावरून मावशीने ती कडेने दिसतेय असं धरलं होतं. ती तर आपल्याकडे तोंड करून बसलेली.

"मग काय झालं?" मी विचारलं.

तिने छताच्या पंख्याकडे बोट केलं. "पाती गरगरतायत, पण तुझ्याकडे येतात का? लांब जातात? आम्हाला ते जवळ येणं-लांब जाणं तेवढंच मोजता येतं. ती जोरात फिरत होती, मला वाटलं हळू फिरतेय, म्हणून जवळची ठरली."

"म्हणजे आता अंतर जुळणार!"

"जुळवता येईल रे. पण समोरून दिसणाऱ्यांचा भरवसा नाही, त्या तक्त्यात घ्यायच्या नाहीत, हा नियम माझाच."

बाकी सगळ्यांचे फोटो तिने पुन्हा तपासले. अशी दुसरी निघाली नाही, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग तिने स्वतःच्या हाताने ती ओळ खोडली.

"मी पहिल्यापासून हेच सांगत होतो," साहेब म्हणाले.

"हो. पण तेव्हा कारण नव्हतं."

तक्ता छापून आला. नवा फोटो मावशीने फ्रिजच्या दारावर लावलाय. दूध काढायला गेलेले काका त्याच्यासमोर थबकले.

"घ्या," ते म्हणाले, "आता घरातच राहायला आली."