आवडाबाईनं घेतलेली हमी

करमाडच्या आसपास कुणाची पोर लग्नाला आली की पहिला निरोप आवडाबाईला जायचा. साठी उलटलेली ही बाई घरची शेती सांभाळून सोयरिकी जुळवायची. पोराची नोकरी, पोरीचं शिक्षण, दोन्हीकडचं गणगोत तिला तोंडपाठ असायचं.

गेल्या वर्षी तिची लेक गीता आजारी पडून माहेरी आली. वर्षभर नको तेव्हा अंगावरून रक्त जात होतं. लाजेपायी तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. शहरातल्या दवाखान्यात गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. रोज रेडिएशनचे लाइट घ्यायला जावं लागायचं. आवडाबाई बाहेर बाकावर बसून राहायची.

एकदा तिनं डॉक्टरीणबाईंना गाठलं. "मॅडम, ही बिमारी टळत नाय का?"

"बऱ्याचदा टळते, मावशी. लहान वयातच मुलीला लस दिली तर धोका फार कमी होतो."

"मंग माझ्या गीताला का नाय दिली कुणी?"

"गीता चौदा वर्षांची होती तेव्हा ही लस निघालीच नव्हती."

मग आवडाबाईनं लशीबद्दल खोदून खोदून विचारलं.

गावात मात्र तिनं 'पिशवीचा त्रास हाय' एवढंच सांगितलं होतं. गीताची लेक मोनिका बारावी झालेली, तिला बघायला पाहुणे येणार होते. आईला कॅन्सर आहे हे कळलं की पाहुणे कसे मागं सरकतात, हे आवडाबाईइतकं कुणाला ठाऊक?

त्याच महिन्यात गावच्या सरकारी दवाखान्यात चौदा वर्षांच्या मुलींसाठी हीच लस आली. पण ती सुई घेतली की पोरीला पुढं दिवस जात नाहीत, अशी आवई उठली. शेजारची वच्छलाबाई नातीला, श्रेयाला, घेऊन ओट्यावर आली.

"आवडे, तूच सांग. सुई घेतलेली पोर कोण करंल?"

"तिची सोयरीक माझ्याकडं लागली. नाय जुळली तर माझ्या दारात येऊन बस."

"आन लेकरूच झालं नाय तर?"

"डॉक्टरीणबाईला मी बी हेच विचारलं. त्या सुईनं तसलं काय होत नाय."

"तू कशाला गेली व्हतीस इचारायला?"

तेवढ्यात गीता आतून चौकटीला धरून बाहेर आली. "काकू, मला कॅन्सर झालाय. गर्भपिशवीच्या तोंडाचा, ही सुई टाळते तोच. श्रेयाला सुई टोचून आणा."

आता हे गावभर होणार, मोनिकाच्या पाहुण्यांपर्यंत जाणार, हे आवडाबाईला कळलं. पण तिनं लेकीला अडवलं नाही. वच्छलाबाईनं गीताला जवळ बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

लशीच्या दिवशी आवडाबाई दवाखान्याच्या दारातच बसली. श्रेया आली, तिच्या मैत्रिणीही आल्या. गावातल्या वयस्क आप्पासाहेबांनी मात्र नातीला दारातून परत नेलं. "उद्या पोरींची लग्नं व्हायची हायत, उगं इषाची परीक्षा कशाला?" ते म्हणाले. आवडाबाईनं लई समजावलं, ते ऐकेनात.

मोनिकाच्या पाहुण्यांचा फोन नंतर आलाच नाही. आवडाबाई दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी मोनिकाच म्हणाली, "आजी, बरं झालं. मला आत्ता शिकायचंच हाय."

गीताचे लाइट संपलेत. तपासणीत सध्या सगळं ठीक निघालंय. आवडाबाई अजून सोयरिकी जुळवते. कुणाकडं गेली की घरातल्या धाकट्या पोरीचं वय विचारते, आणि अधूनमधून आप्पासाहेबांच्या ओट्यावर चहाला जाऊन बसते. ते अजून नाहीच म्हणतात, पण परवा त्यांच्या सुनेनं तिला हळूच विचारलं, "सुई कोणत्या वारी देतात?"