निळ्या खाचेतला कापूस

वस्तू वापरली की झिजते, म्हणून ती न वापरणं हाच तिचा खरा उपयोग, असं मानणारा जगात एकच माणूस आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान वणीला राहतात. वणीत कोळशाची धूळ उडते, मान्य. पण म्हणून टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, त्या प्लास्टिकवर रुमाल? स्कूटरच्या सीटला कव्हर आणि कव्हरला जुनी चादर? एकदा मी त्यांच्या सोफ्यावर टॉवेल न अंथरता बसलो, तर जेवणं होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या कॉम्प्युटरनं तर माझं डोकंच फिरवलं. त्याची हार्ड डिस्क बिघडली तेव्हा कोणीतरी सगळी सिस्टिम पेनड्राइव्हवर टाकून दिली. तेव्हापासून तो पेनड्राइव्ह समोरच्या खाचेत खुपसून मशीन सुरू करायची. ती सुरू व्हायला पाऊण तास घेते. दर रविवारी अकरा वाजता त्यांची एकुलती एक लेक परदेशातून व्हिडिओ कॉल करते, दवाखान्यातल्या ड्यूटीवर निघण्याआधीची दहा मिनिटं. त्यासाठी साडू इस्त्रीचा शर्ट घालून दहालाच बटण दाबतात. मोबाइलवर बोला म्हटलं तर म्हणाले, "त्याच्यात पोरगी एवढीशी दिसते, मास्तर." मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून मास्तर. एका रविवारी स्क्रीन उजळायला सव्वाअकरा झाले. लेक निघून गेली होती. ताईंनी दिवसभर तोंडात घास घेतला नाही, आणि संध्याकाळी मला फोन आला, "मास्तर, याचं काईतरी करा."

मी पांढरकवड्याहून बस धरून गेलो. पेनड्राइव्ह खराब असेल म्हणून पुढच्या खेपेला नवा नेला, तोही तसाच रांगला. सेटिंगं उलटीपालटी करून पाहिली. कॅबिनेट फिरवून मागची बाजू बघतो म्हटलं की हे दोन्ही वेळा आडवे आले. "मांगं काईच नाही," म्हणे. तिसऱ्या फेरीत ते आंघोळीला गेल्याबरोबर मी कॅबिनेट फिरवलं. मागं दोन निळ्या खाचा होत्या, वेगवान, अगदी कोऱ्या, आणि दोन्हींत घरच्या वावरातला कापूस ठासून भरला होता.

"भाऊजी, हे काय आहे?"

"नव्या हायेत ना त्या," टॉवेल गुंडाळूनच ते धावत आले. "धूळ जाईन त्याच्यात."

"अहो, या जलद आहेत. पुढच्या मंद आहेत, म्हणून तुमची मशीन रांगते."

"जलद हायेत? मंग तं जपूनच ठेवा लागते."

मी चिमट्यानं कापूस उपसला, पेनड्राइव्ह निळ्या खाचेत लावला आणि दोन मिनिटांत मशीन सुरू करून दाखवली. त्यावर साधं शाब्बासही नाही.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी गेलो. बघतो तर पेनड्राइव्ह पुन्हा पुढं, मागं ताजा कापूस, फक्त बटण आता नवालाच दाबलेलं.

"तीनदा आलो मी इथं. कायले?" रागाच्या भरात माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघाली.

ते खाली बघत म्हणाले, "पयल्याच रविवारी अकराला पाच कमी असतांना बटन दाबलं, तं लगेच सुरू. पोट्टीले काय सांगाचं, काय नाही, आमचं ठरलंच नव्हतं. हिनं माह्या छातीतल्या दुखण्याचं सांगून टाकलं. दहाही मिनिटं रडली थे. तशीच ड्यूटीवर गेली."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. गोया चालू हायेत."

"मग मशीन बंद असतानाच काय ते ठरवून घ्या ना दोघं."

"एरवी कुठं बसतो आमी असे जवळ? ही सैपाकात, मी वावरात."

ताई हात पुसत आल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. त्या घरात त्या दोनच खुर्च्यांवर टॉवेल नव्हता. समोरची स्क्रीन काळीच होती.

"तुरीले फुलं आले, थे सांगते," ताई म्हणाल्या.

"सांग. पाय दुखते थे नको सांगू."

मला अजूनही त्या माणसाचा राग येतो. तीन फेऱ्या, नवा पेनड्राइव्ह, सगळं पाण्यात. मी तावातावानं उठलो. पण निघताना कॅबिनेटमागून कापसाचा एक पुंजका बाहेर आलेला दिसला, तो मी बोटानं नीट आत दाबला.