कॅफे रेसर झाली, नवरदेवाची सीट गेली

मंडळी, आज दुपारी दादानं आबांची सत्तरच्या दशकातली फटफटी शिक्रापूरच्या गॅरेजातून कॅफे रेसर, म्हणजे जुन्या शर्यतीच्या गाडीसारखी, करून आणली. बुटकं हँडल, काळा रंग आणि एकट्यापुरती सीट. मागचा सांगाडाच कापलेला.

वस्तीतली पोरं फोटो काढत होती. आबा, म्हणजे माझे आजोबा, कापल्या जागेवर हात फिरवत म्हणाले, "आरं, नवरदेव कुठं बसायचा आता?"

"आबा, आता लोकं फुलं लावून कार काढत्यात," दादा हसला. "ही गाडी बघा, कसली खतरनाक दिसती!"

आबांच्या तरुणपणी आमच्या बौद्धवस्तीतल्या नवरदेवाला घोड्यावरून गावात जाऊ देत नसत. म्हणून आबांनी ही गाडी घेतली आणि नवरदेवाला मागं बसवून थेट वेशीतून वरात नेली. दगड आले, पण गाडी थांबली नाही. तेव्हापासून वस्तीतला प्रत्येक नवरदेव त्याच सीटवर बसून निघतो. रविवारी चुलतभावाचं लग्न आहे.

कापलेला भाग आणि सीट परत मिळेल का, विचारायला मी गॅरेजला फोन केला. "ते भंगारात गेलं ताई."

जुन्या गाड्या बदलायला माझा विरोध नाही. पण कापण्याआधी मालकाला एका शब्दानं विचारायला काय जातं?

संध्याकाळी आबा म्हणाले, "तवा घोडा नाकारला गावानं, तर गावावर राग काढला. आता कुणावर काढू गं?"

घरातली पहिली पदवीधर मी, तरी हा प्रश्न तुमच्यापुढं ठेवते. तुम्ही काय सांगितलं असतं?