साबिनोने थांबवलेलं गाणं

ओहितो गावात कुणी वारलं की पाद्रीबाबांना निरोप नंतर जायचा, साबिनो मोंतानोला आधी. पाद्रीबाबा डोंगराखालच्या मोठ्या गावात राहायचे आणि बर्फ पडलं की त्यांची गाडी वर चढायचीच नाही. साबिनो मात्र मेंढ्या वाडग्यात कोंडून, टोपीवरचं बर्फ झटकत लगेच हजर व्हायचा. मयताच्या उशाशी उभा राहून तो डोळे मिटायचा आणि पहिली ओळ उचलायचा. वाद्य नाही, ठेका नाही. त्याचा आवाज लांबत जायचा आणि ओळीच्या शेवटी सगळं गाव त्यात मिसळायचं. रडू न आलेल्या माणसांना तिथे रडू यायचं.

ही गाणी त्याला बापाने शिकवली, बापाला आज्याने. "स्पेनहून आलीत आपल्याबरोबर," बाप सांगायचा. "आपण स्पॅनिश. लक्षात ठेव."

साबिनोने ते लक्षात ठेवलं, कारण विसरू द्यायला जग तयार नव्हतं. तरुणपणी तो लाकडाच्या गिरणीत कामाला होता. तिथला गोरा मुकादम मेक्सिकन मजुरांना जेवायला मागच्या बाकावर बसवायचा. साबिनोने त्याला सांगितलं, "साहेब, मी मेक्सिकन नाही. मी स्पॅनिश. आमचं घराणं तीन-चारशे वर्षं इथंच आहे." मुकादम पोट धरून हसला आणि म्हणाला, "बरं बरं, राजेसाहेब, मागच्या बाकावर बसा." त्या दिवशी साबिनो जेवला नाही. पुढे गिरणी सोडून त्याने मेंढ्या धरल्या, पण ते हसू काही त्याच्या कानातून गेलं नाही.

देल्फिनाशी लग्न ठरलं तेव्हा त्याच्या आईने एकच प्रश्न विचारला होता. "मुलीची आई कुठली?"

देल्फिनाची आई मेक्सिकोतल्या चिवावाची होती. धनगरांच्या तळावर स्वयंपाकीण म्हणून सीमेपलीकडून आलेली. साबिनोला हे माहीत होतं, देल्फिनानेच सांगितलं होतं. तो आईला म्हणाला, "दक्षिणेकडची आहे, मेसियाजवळची. सीमेच्या अलीकडचं जुनं घराणं." आईने मान डोलावली आणि लग्न झालं. साबिनो जन्मात बहुधा तेवढंच एक खोटं बोलला, पण ते त्याने कुंपणासारखं दर वर्षी नीट करून ठेवलं. सासूबाई कधी आल्याच तर पाहुणे आत यायच्या आधी तो त्यांना आतल्या, शेगडीजवळच्या खोलीत बसवायचा.

देल्फिना यावर कधी काही बोलली नाही. मात्र तो बाहेर असला की ती पीठ मळता मळता गुणगुणायची. शब्द त्याच्याच गाण्याचे असायचे, चाल मात्र वेगळी, तिच्या आईची. ओळीच्या शेवटी त्याची चाल खाली उतरायची, ही वर जाऊन तिथेच थांबायची, जणू कुणाची तरी वाट बघत. दाराची कडी वाजली की ती गप्प व्हायची. साबिनोने ते कितीदा तरी ऐकलं होतं. कडी जरा जोरात वाजवायची सवय त्याला त्यामुळेच लागली.

त्यांची मुलगी बेर्नार्दा शहरात सरकारी कचेरीत लागली आणि नात इनेस डेन्व्हरला कॉलेजात. एका नाताळात सगळे जेवायला बसले असताना इनेस सहज म्हणाली, "आजोबा, आम्ही कॉलेजात लॅटिनो मुलांचं मंडळ काढलंय."

"लॅटिन?" साबिनो म्हणाला. "ते जुने पाद्री बोलायचे. तुला 'आमेन'च्या पुढे काही येतं का?"

"तसं नाही हो!"

"आमच्या कचेरीत सगळ्यांना हिस्पॅनिक म्हणतात," बेर्नार्दा म्हणाली. "घराण्यात कुणी स्पॅनिश बोलणारं असलं की झालं. एका शब्दात काम होतं."

"कामच होतं फक्त," इनेस म्हणाली. "माझी खोलीतली मैत्रीण ब्राझीलची आहे. तिच्याकडे पोर्तुगीज बोलतात. म्हणजे ती लॅटिना आहे, पण हिस्पॅनिक नाही. आणि माद्रिदचा माणूस हिस्पॅनिक आहे, पण लॅटिनो नाही, कारण तो समुद्रापलीकडचा."

"आणि मी?" साबिनोने विचारलं.

"तुम्ही दोन्ही. फक्त स्पॅनिश नाही. स्पॅनिश म्हणजे स्पेनमधले लोक, आजोबा."

साबिनोचा चमचा वाडग्यातच राहिला. बेर्नार्दाने टेबलाखालून मुलीला पाय मारला. देल्फिना म्हणाली, "आधी जेवा. रस्सा गार झाला की चरबी थिजते. कोण कुठला ते देव विचारेल तेव्हा सांगा त्याला."

"आजी, तू कोण गं मग?"

देल्फिनाने नवऱ्याकडे पाहिलं. "मी? मी याची बायको," ती म्हणाली आणि अजून रस्सा आणायला उठली.

नंतर साबिनोच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबुज, तीही जवळ बसलेल्यालाच ऐकू येईल अशी. गावात मयत झालं की आता पाद्रीबाबांची वाट बघत लोक नुसते उभे राहायचे. साबिनोकडून शिकायला कुणी तरुण उरला नव्हता. आला तो निकानोर.

निकानोर शेजाऱ्यांच्या मेंढ्या बघायचा, देल्फिनाला लाकडं फोडून द्यायचा आणि चिवावाहून आलेला होता. तो टोपी हातात धरून म्हणाला, "काका, मला शिकवा. शब्द येतात मला. आमच्याकडे आजी म्हणायची. फक्त चाल निराळी आहे."

"निराळी म्हणजे चुकीची," साबिनो कुजबुजला. "हे तुमचं नाही, पोरा. मेंढ्या बघ."

निकानोर हसला. "मेंढ्यांना चालते हो माझी चाल." पण पुन्हा काही त्याने विचारलं नाही. देल्फिना त्या दिवशी जेवणात मीठ घालायला विसरली. साबिनोने ते तसंच खाल्लं.

ती गेली फेब्रुवारीत. सकाळी चूल पेटवायला वाकली आणि तिथेच बसली.

ओहितोत शवपेटी खांद्यावरून नेतात. चर्चपासून दफनभूमीपर्यंतच्या चढावर मध्ये ती टेकवतात आणि तिथे गाणं होतं. एकदा सुरू झालेलं गाणं गाण्यांचा म्होरक्या हात वर करील तेव्हाच थांबतं आणि थांबलेलं गाणं त्या मयतासाठी पुन्हा उचलत नाहीत. त्या दिवशी माणसांनी पेटी टेकवली आणि सगळे साबिनोकडे बघू लागले. त्याने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. इनेसने त्याचा दंड धरला.

पेटीच्या मागच्या टोकाशी निकानोर होता. त्याने टोपी काढली, साबिनोकडे पाहिलं आणि गाऊ लागला.

पहिली ओळ वर गेली आणि तिथेच थांबली, वाट बघत. लोक जरा गोंधळले. मग एका म्हातारीने शेवटचे शब्द उचलले, मग तिच्या बहिणीने, मग सगळ्यांनी. दुसऱ्या ओळीला तर सगळं गाव देल्फिनाच्या चालीत गात होतं, जसं काही त्यांना ती आधीपासूनच येत होती.

साबिनोने गाणाऱ्या बायकांकडे पाहिलं. या बायका पीठ उसनं मागायला घरात यायच्या. त्यांनी ही चाल देल्फिनाच्या तोंडून ऐकली असणार. चिवावाच्या पोराच्या तोंडी तीच चाल ऐकून आता त्या दुवे जुळवतील. पेटी खड्ड्यात उतरायच्या आधी देल्फिनाची आई कुठली ते सगळ्या गावाला कळेल आणि त्याने आयुष्यभर सांभाळलेलं कुंपण तिच्याच मयताला मोडेल.

त्याने हात वर केला.

इतक्या वर्षांची सवय. गाव तिथल्या तिथे गप्प झालं. निकानोरने ओळ अर्धी सोडली, टोपी घातली आणि पेटीला खांदा दिला. वर पोहोचेपर्यंत बुटांखाली बर्फ मोडल्याचाच काय तो आवाज होता. देल्फिना तशीच, अर्ध्या गाण्यावर, मातीआड गेली.

दुपारी लोक जेवून गेल्यावर बेर्नार्दा भांडी घासत होती. पाठ न वळवता तिने विचारलं, "का थांबवलंत, बाबा?"

तो तिच्या कानाशी गेला. "लोकांना कळलं असतं. तुझी आजी... चिवावाची होती."

बेर्नार्दाने नळ बंद केला.

"कळलं असतं म्हणजे? बाबा, सगळ्यांना माहीत आहे. आजी स्वतःच सांगायची. तुम्ही मेंढ्या घेऊन वर गेलात की या बायका मुद्दाम यायच्या, आई आणि आजी मिळून गायच्या, आणि त्या बसून शिकायच्या. मी लहान होते. मलाही येतं."

"मला कुणी..."

"आईने सगळ्यांना बजावलं होतं. म्हणायची, त्याच्यासमोर कुणी काढायचं नाही. माझ्यापायी खोटं बोललाय तो. त्याला वाटू दे त्याने मला वाचवलं."

साबिनो खुर्चीवर बसला. बेर्नार्दाने ओले हात पुसले, पण त्याला हात लावायला ती पुढे आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो बर्फातून निकानोरच्या खोपटाकडे गेला. निकानोरने त्याला शेगडीजवळ बसवून कॉफी दिली.

"ते पुरं कर," साबिनो कुजबुजला. "आपण दोघंच जाऊ वर."

निकानोरने मान हलवली. "नाही काका. माती पडली. तुमचाच नियम आहे, आणि आमच्याकडेही तसंच आहे."

"माझी चूक झाली."

"माहीत आहे मला." निकानोरच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण गेलं. मग तो म्हणाला, "तुमच्या वेळी म्हणेन मी. पूर्ण. तिच्या चालीत म्हणेन, तुमची इच्छा असेल तर."

साबिनोने कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरला.

"तेव्हा ती कुठे असेल ऐकायला?" तो म्हणाला. निकानोरला ते नीट ऐकू आलं नाही. तो वाकून जवळ आला. पण साबिनोने ते पुन्हा म्हटलं नाही.