वरून सातवा

आमच्याकडे पेणला गिऱ्हाईक पूर्वी आपला पाट आणून द्यायचं आणि बाबा त्याच पाटावर गणपती बसवायचे. पाट ज्याचा, मूर्ती त्याची. मग लोक फोटो मागू लागले, आणि वेबसाइट बनवायला शिकलेली घरात मी एकटीच. केला शहाणपणा.

वेबपेजवर प्रत्येक गोष्ट एक चौकट असते. कोणती चौकट अख्खी ओळ अडवून बसेल आणि कोणती शेजारणीला खेटून, हे ‘डिस्प्ले’ ठरवतं. म्हाताऱ्या डोळ्यांना मोठे दिसावेत म्हणून मी फोटो ‘ब्लॉक’ ठेवले, एकाखाली एक. नंबरही टाकणार होते, तर बाबा म्हणाले, “देवाला नंबर घालतात काय गो? नाय चालणार.” मग लोक फोनवर सांगत, वरून चौथा, वरून नववा. बाबा आपल्या मोबाईलवर मोजून त्या मूर्तीला नावाची चिठ्ठी लावत.

ठरलेली मूर्ती मी पेजवरून काढायची. ‘व्हिजिबिलिटी हिडन’ लिहिलं तर फोटो दिसत नाही, पण त्याची जागा मोकळी राहते. ‘डिस्प्ले नन’ लिहिलं तर जागाही जाते आणि खालचे सगळे वर सरकतात. मोकळ्या जागा मला पडलेल्या दातांसारख्या वाटल्या. मी नन लिहिलं.

रोह्याचे एक निवृत्त मास्तर दरवर्षी स्वतः येऊन मूर्ती निवडायचे. त्या वर्षी ते अंथरुणाला खिळलेले, म्हणून पडल्या पडल्या मोबाईलवर निवडली. वरून सातवी. त्यांनी पेज सकाळी उघडलेलं, फोन केला दुपारी, आणि मधल्या वेळात वरच्या दोन मूर्ती मी काढल्या होत्या. बाबांच्या मोबाईलवर सातवा गणपती भलताच निघाला. चिठ्ठी त्याला लागली. मास्तरांचा खरा गणपती दोन दिवसांनी कासू गावातल्या एका घराने ठरवला, तसा मी तोही काढला. मास्तर बायकोला म्हणाले, दिसेनासा झाला, म्हणजे आपला झाला.

हे मला चतुर्थीच्या आदल्या दिवशी कळलं, मास्तरांच्या घरच्या काकू मूर्ती न्यायला आल्या तेव्हा. मास्तरांनी जपून ठेवलेला फोटो त्यांनी पुढे केला. कासूचा टेम्पो सकाळीच गेला होता. घरी गेलेला देव परत कसा मागायचा? बाबा हात जोडून नुसते उभे राहिले. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. काकूंनी चिठ्ठी लागलेल्या मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला आणि ती घेऊन निघाल्या. मी घरात जाऊन ती एक ओळ बदलली, ननच्या जागी हिडन. बैल गेला नि झोपा केला.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर मास्तरांचाच फोन आला. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं.

“मूर्ती छान हाय गो. रागावलो नाय मी. फक्त एवढं सांग, आमचा कुणाकडे बसलाय?”

मला घर माहीत होतं. तरी “चांगल्या घरी बसलाय,” एवढंच मी सांगितलं.