'घ्या माय' कोण म्हणालं?

आधीच सांगते, भूत-प्रेत, अंगात येणं असल्या गोष्टींना आमच्या घरात थारा नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे आमचं. कोणी झपाटलं वगैरे बोलायला लागलं की मी त्याला आधी डॉक्टरकडे पाठवते. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय… पण लिहिते.

मी वऱ्हाडातल्या मालेगावला कॉम्प्युटर क्लास चालवते. सासर मेडशीचं. तिथल्या विहारात आमचं महिला मंडळ दर बुद्धपौर्णिमेला वंदना आणि गाथांचा कार्यक्रम करतं – पांढऱ्या साड्या, मांडव, माईक, शेवटी खीर. माझ्या मोठ्या जाऊबाई, पंचफुलाबाई, वर्षानुवर्षं म्होरक्या. त्या एक ओळ म्हणायच्या आणि मागून आम्ही सगळ्या. पण प्रत्येक ओळीनंतर त्या हळूच एक शब्द जोडायच्या – "घ्या माय." म्हणजे, आता तुम्ही उचला. पालीत मध्येच वऱ्हाडी! एकदा भंतेजींनी टोकलं, तर म्हणाल्या, "भंते, पाली मले समजते, पन या बायायले कधी उचलाव ते समजत नाही." भंतेजी हसले.

गेल्या हिवाळ्यात जाऊबाई गेल्या. झोपेतच. त्यांची मुलगी सुजाता गावातच दिलेली, आवाज थेट आईचा. साहजिकच म्होरकेपण तिच्याकडे आलं. पण सरावात पहिली ओळ झाली की पोरीचा गळा भरून यायचा आणि आम्ही बाया कोणी आधी, कोणी मागून… नुसता गोंधळ. दोन-चारदा असं झाल्यावर मीच म्हटलं, यंदा गाथांचा पेनड्राइव्ह लावू, पुढच्या वर्षी बघू.

"नाही काकू," सुजाता म्हणाली. "मायची जागा पेनड्राइव्हले नका देऊ. यंदा मी मांग सरली, तं मंग कधीच नाही गाऊ शकनार."

मी पेनड्राइव्हचा विषय सोडला, पण मला आतून भीतीच वाटत होती.

पौर्णिमेची संध्याकाळ. मांडव भरलेला, दोन्ही बाजूंना कूलर घरघरत होते. सुजातानं त्रिसरणाची पहिली ओळ छान म्हटली, आम्हीही कशीबशी उचलली. दुसरी ओळ सुरू केली आणि… अर्ध्यातच आवाज बंद. तिनं माईक घट्ट धरला होता, ओठ हलत होते, स्वर नाही. मला वाटलं, संपलं. पोरगी आता उठून जाणार.

आणि माझ्या कानाशी, अगदी नेहमीसारखं, थोडं घाई केल्यासारखं – "घ्या माय."

आम्ही सगळ्यांनी एकदम उचललं. एका श्वासात, एका सुरात, जे सरावात एकदाही जमलं नव्हतं. पुढच्याच शब्दाला सुजाताचा आवाज आमच्यात मिसळला आणि मग तिनं शेवटपर्यंत सगळ्या गाथा म्हटल्या. मी रडत रडत गात होते, कबूल करते.

खीर वाढताना मंडळातल्या रमाबाईंनी मला विचारलं, "काहून वं, ते 'घ्या माय' कोन म्हनलं? तू ना?"

"मी कायले म्हनू? मले वाटलं तुमी म्हनल्या."

प्रत्येकीला वाटत होतं, शेजारचीच म्हणाली. त्या रात्री मी कार्यक्रमाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं – पुन्हा पुन्हा ऐकलं. सुजाता थांबते… कूलरची घरघर… आणि मग आम्ही सगळ्या एकदम. मध्ये कोणाचाही शब्द नाही.

सवय म्हणा, मनाचे खेळ म्हणा. मीही स्वतःला तेच समजावलं. पण दुसऱ्या दिवशी सुजाता आणि मी विहारामागे खिरीचं पातेलं घासत होतो. मी तिला रेकॉर्डिंगचं सांगितलं. ती घासायची थांबली.

"मले 'घ्या माय' नाही आयकू आलं, काकू."

"मंग?"

"'घे वं सुजे.'"

आम्हा सगळ्यांना 'घ्या', आणि तिला एकटीला 'घे'. मी विचारलं, "मंग तू काय केलं?"

"काय करनार? मायनं सांगतलं, घेतलं." आणि ती पुन्हा पातेलं घासायला लागली.

मी अजूनही भूत मानत नाही, आत्माही मानत नाही. त्या आवाजाचं स्पष्टीकरण मात्र माझ्याकडे आजही नाही. सुजाताला ते नकोच आहे. ती आता रोज संध्याकाळी विहारात गाते.